उकाडा न कळणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. पेट्रोलवर चालते आणि विजेवरही, म्हणून मला हायब्रिड म्हणतात. एका लांबलचक कारखान्यात यंत्रांनी मला जोडलं आणि पुढे एक छोटा पडदा बसवला. बाहेरचं तापमान, आतलं तापमान, एका लिटरमध्ये मी किती धावले, सगळं त्यावर दिसतं. मला तापमान कळतं. उकाडा कळत नाही.

मला घेणारा माणूस कवळ्या बनवायचा. शहरातले निम्मे म्हातारे आमच्या ह्यांच्या दातांनी हसतात, असं त्याची बायको म्हणायची. तो मापाचा पक्का होता. माझ्या ॲव्हरेजच्या आकड्यावर त्याचा भारी जीव. सिग्नलला माझं इंजिन आपोआप थांबलं की तो स्टिअरिंग थोपटून म्हणायचा, “शहाणी गं माझी बाई!” मग त्या आकड्याचे फोटो मित्रांना पाठवायचा.

एसीशी मात्र त्याचं वैर होतं. माझा एसी मोठ्या बॅटरीवर चालतो. एसी अगदी खाली, अठरावर नेऊन ठेवला की बॅटरी भराभर उतरते, मग मी उभी असले तरी इंजिन सुरू होतं आणि पेट्रोल जळतं. हे खरं आहे. पण आधी खिडक्या उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ दिली, मग काचा लावून आतलीच हवा फिरवली आणि काटा पंचविसाच्या आसपास ठेवला, तर आकडा थोडासाच खाली येतो. त्याला तो थोडासाही नको होता.

त्याच्या आईचं डावं अंग लुळं पडलं होतं, जीभही जड झाली होती. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे तिला दर आठवड्याला न्यावं लागे. मागच्या सीटवर सासू आणि सून बसायच्या.

“अहो, आईंना उकडतंय. एसी लावा ना जरा.”

“अगं, खिडक्या उघड्या आहेत की! एसी लावला की सगळ्या मेहनतीवर पाणी. आई, उकडतंय का गं तुला?”

“नाही रे बाळा,” आई शब्द जुळवत म्हणायची. “छान वारा आहे.”

मुलाला ज्यात आनंद, त्यात तिचाही. सून तिचा गळा रुमालाने टिपायची.

एका दुपारी सुनेला ताप होता, म्हणून माय-लेक दोघंच निघाले. पुढे रस्ता खणलेला होता आणि गाड्यांची रांग हलत नव्हती. गाडी चालली तरच खिडकीतून वारा येतो. त्या दिवशी नुसतं ऊन आत येत होतं. बाहेरचं तापमान बेचाळीस होतं. मी ते पडद्यावर दाखवलं. शेजारीच ॲव्हरेज होतं.

“आई, बघ तरी! एवढा आकडा आजवर कधी आला नव्हता!”

मागून उत्तर आलं नाही.

“डोळा लागला का? झोप, निवांत झोप,” असं म्हणून त्याने रेडिओ बारीक केला.

दवाखान्याच्या फाटकाशी त्याने मागचं दार उघडलं, तेव्हा ती एका बाजूला कलंडली. अंग तव्यासारखं तापलं होतं. त्याने काचा लावल्या, एसी पूर्ण सोडला आणि हॉर्न दाबून धरत मला मोठ्या रुग्णालयात नेलं. ती शुद्धीवर आली नाही. चार-पाच दिवसांनी गेली.

घरी परतताना बायकोने विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

“मी विचारलं, एसी लावला असता तर? म्हणाले, कदाचित फरक पडला नसता. कदाचित पडलाही असता. नक्की कुणालाच सांगता येणार नाही.”

त्यानंतर तो आवारात मला सुरू करून नुसता बसायचा. एसी अठरावर. इंजिन सुरू व्हायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आकडा रोज घसरत गेला. कुणी पाहिला नाही. माझ्यावर धूळ बसली. बायको येऊन दार उघडायची.

“उतरा आता. जेवण गार होतंय.”

“मला काही वाटतच नाहीये गं.”

“नका वाटून घेऊ. पण उतरा.”

पुढे कधीतरी, खालच्या मजल्यावरच्या गरोदर मुलीला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा परगावी होता. म्हणून बायकोने किल्ली आणून ह्याच्या हातात दिली आणि स्वतः तिच्याजवळ बसली. पहिल्या सिग्नलला तो मागे वळला.

“उकडतंय का?”

“नाही काका.”

दुसऱ्या सिग्नलला पुन्हा. “नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.”

“काका, आता थंडी वाजायला लागली!” ती कळ सोसत हसली. बायकोही हसली. तो हसला नाही. त्याने काटा पंचविसावर आणला आणि तिसऱ्या सिग्नलला पुन्हा वळून पाहिलं.

मित्रांनो, पेट्रोल जरूर वाचवा. मी त्यासाठीच घडले. पण मागे बसलेलं माणूस ‘नाही’ म्हणालं, तरी एकदा वळून त्याच्या चेहऱ्याकडे बघा. मी तुम्हाला हवे ते आकडे दाखवीन. मान वळवणं मला जमत नाही.