एक्केचाळीस रेघा

ताईची वकिलीतली पंधरा वर्षं घरांची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं करण्यात गेली होती. फौजदारी खटल्याच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. आणि आता तिचा सख्खा धाकटा भाऊ परक्या देशात पाच महिने कोठडीत होता. आरोप असा, की तो नोंदणी न केलेल्या धार्मिक मंडळाचा प्रमुख आहे. शाबीत झाला तर सात वर्षं.

मंडळ कसलं, तर बसणाऱ्यांचं. ताईच्या घरात तीन पिढ्या ही रीत होती. आठवड्यातून एकदा एका खोलीत जमायचं, चटया टाकायच्या आणि तासभर गप्प बसायचं. मूर्ती नाही, पोथी नाही, गुरू नाही. शेजारीपाजारी त्यांना ‘मुकी मंडळी’ म्हणून चिडवत, तर आई हसून म्हणे, ‘‘तुम्हीही या एक दिवस, तेवढीच तुमच्या घरच्यांना शांतता.’’ ताईने कामाच्या रगाड्यात बसणं कधीच सोडलं होतं. धाकट्याने मात्र परदेशात वायरमनची नोकरी धरली आणि तिथेही आपल्यासारखे अकराजण शोधून काढले.

एका सुट्टीच्या दुपारी अधिकारी आले तेव्हा बाकीचे घरी गेले होते. खोलीत धाकटा एकटाच होता. खिशात खोलीची किल्ली, कोपऱ्यात त्याची हत्यारांची पिशवी, खिडकीत एक वही. वहीत बारा नावं आणि प्रत्येक नावापुढे उभ्या रेघा. कुणापुढे चार, कुणापुढे नऊ, धाकट्यापुढे एक्केचाळीस. बाकीच्यांना बोलावून तंबी देऊन सोडलं. ज्याच्याकडे किल्ली आणि ज्याच्या नावावर सगळ्यांत जास्त रेघा, तो म्होरक्या, असं ठरलं.

ताई तिकडे गेली, पण तिथल्या कोर्टात बाजू मांडायची तिला परवानगी नव्हती. ते काम तिथल्या वकीलसाहेबांचं. माणूस सरळ आणि अनुभवी. त्यांनी पहिल्याच भेटीत दुभाष्यामार्फत तिच्यापुढे एक कागद सरकवला.

‘‘तो वायरमन आहे, पिशवी तिथेच सापडली. ‘मी बोर्ड दुरुस्त करायला गेलो होतो, या लोकांच्या श्रद्धेशी माझा संबंध नाही,’ एवढं लिहून सही करू दे. आठवड्यात बाहेर येईल.’’

ताईने कागद दोनदा वाचला. रात्री आईला फोन केला, तर आईही म्हणाली, ‘‘कर म्हणावं सही. मनातलं मनात राहतं की. मला माझं पोर घरी हवंय.’’

दुसऱ्या दिवशी भेटीच्या खोलीत काचेपलीकडे धाकटा येऊन बसला. गालफडं बसली होती, पण डोळे तेच. ताईने रिसीव्हर उचलला आणि कागदाचं सांगितलं.

‘‘बोर्ड मी दुरुस्त केला होता, ते खरंय,’’ तो म्हणाला. ‘‘पण मग बसलो होतो, तेही खरंय.’’

‘‘अरे शहाण्या, दुसरं सांगूच नकोस ना!’’

‘‘त्यात लिहिलंय संबंध नाही. आहे की संबंध.’’

‘‘सात वर्षं आहेत! आईचं वय काय, कळतंय का तुला? इथे तुझा सत्यवादीपणा बघायला कुणी बसलेलं नाही.’’

‘‘मी बसलोय ना,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘ताई, तिथे बसून बसूनच मला स्वतःशी खोटं न बोलता राहता यायला लागलं. ते मी सही करून कसं देऊन टाकू?’’

ताई तणतणत बाहेर पडली. लहानपणापासून हा असाच हट्टी, लाडावून ठेवलेला, असं सगळं मनात म्हणून झालं. पण ट्राममध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिला त्याची कीव येत नव्हती. वाटत होतं ते काहीतरी निराळंच होतं. ताठ बसावंसं वाटत होतं.

ती तशीच वकीलसाहेबांच्या कचेरीत गेली. ‘‘सही करणार नाही तो. आणि मीही आता सांगणार नाही. पुरावे दाखवा मला, सगळे.’’

वकीलसाहेबांनी फाइल दिली. आतापर्यंत तिने आरोपपत्राचं भाषांतर वाचलं होतं, त्यात फक्त ‘नावांची यादी व मानाच्या खुणा’ असं होतं. वहीच्या पानाची छायाप्रत ती आज पहिल्यांदा बघत होती. तिने बारा नावं पाहिली, रेघा पाहिल्या, धाकट्यापुढची ती रेघांची कुंपणासारखी रांग पाहिली आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. दुभाषी बिचारा घाबरून पाणी आणायला धावला.

‘‘मानाच्या कसल्या?’’ ती म्हणाली. ‘‘आमच्यात जो सगळ्यांत उशिरा येतो, त्याने शेवटी खोली झाडायची, चटया आवरायच्या आणि कुलूप लावायचं. झाडलं, की आपल्या नावापुढे एक रेघ. हा एक्केचाळीस वेळा उशिरा आलाय! म्होरक्या कसला, झाडूवाला आहे तो!’’

वकीलसाहेब खुर्चीत पुढे सरकले. ‘‘मग त्याने चौकशीत सांगितलं का नाही?’’

पुढच्या भेटीत ताईने तेच विचारलं.

‘‘किल्ली कुणाकडे, विचारलं. म्हटलं माझ्याकडे. रेघा कुणाच्या, विचारलं. म्हटलं माझ्या. कशाच्या, ते कुणी विचारलंच नाही.’’

‘‘धन्य आहेस!’’ ताईने कपाळाला हात लावला.

पण तोंडी सांगून कोर्ट ऐकणार नव्हतं. ताईने आईला फोन केला. सही होणार नाही हे आधी सांगितलं. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘‘तुला काय पाठवू?’’

आठ दिवसांत पार्सल आलं. आत घरच्या बसण्याच्या तीन जुन्या वह्या होत्या, कडा पिवळ्या पडलेल्या. तशीच नावं, तशाच रेघा आणि शाळकरी अक्षरातल्या धाकट्याच्या नावापुढे तेव्हाही कुंपणच. सोबत आईने न सांगता त्याची प्रगतिपुस्तकं घातली होती. चौथीच्या गुरुजींनी लिहिलं होतं, ‘मुलगा गुणी आहे. वेळेवर येत नाही.’ सातवीच्या बाईंनी तेच वेगळ्या शब्दांत लिहिलं होतं.

सुनावणीला ताई साक्षीदार म्हणून उभी राहिली. त्याआधी धाकट्याच्या कंपनीचा मुकादम हजेरीपट घेऊन येऊन गेला होता. ‘‘उत्तम कारागीर,’’ त्याने शपथेवर सांगितलं, ‘‘पण घड्याळाशी त्याचं जुनं वैर आहे.’’ न्यायाधीशबाईंनी हसू दाबलं, ते ताईने पाहिलं.

सरकारी वकील मात्र सोडणारे नव्हते. ‘‘ठीक आहे, हा झाडणारा. मग प्रमुख कोण?’’

‘‘कुणीही नाही.’’

‘‘प्रमुखाशिवाय माणसं दर आठवड्याला एकत्र कशी बसतात?’’

‘‘बागेतल्या बाकावर बसतात तशी,’’ ताई म्हणाली. ‘‘बाकाला प्रमुख लागत नाही.’’

‘‘आणि झाडण्याचं काम उशिरा येणाऱ्याला का? ही शिक्षा आहे?’’

‘‘नाही. उशिरा येणाऱ्याला वाटायला नको, की आता आपली गरज नाही. म्हणून त्याच्यासाठी काम राखून ठेवायचं. आईने आम्हाला असंच शिकवलंय.’’ हे बोलताना तिची मान ताठ होती.

न्यायाधीशबाईंनी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि पानं उलटत राहिल्या. मग त्यांनी धाकट्याला उभं केलं.

‘‘तुम्ही तिथे दुरुस्तीला गेला होतात, की बसायला?’’

वकीलसाहेबांनी ताईकडे पाहिलं. अजूनही एक शब्द पुरला असता. ताईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, तिचे डोळे भावावर होते.

‘‘बसायला,’’ धाकटा म्हणाला.

‘‘पुन्हा संधी मिळाली, तर बसाल?’’

‘‘हो, बाई. बसेन.’’

दुभाष्याने भाषांतर करायला क्षणभर वेळ घेतला. ‘हो’ म्हणजे काय, ते न्यायाधीशबाईंना त्याआधीच कळलं असावं.

दुपारनंतर निकाल लागला. प्रमुख असल्याचा आरोप शाबीत झाला नाही. नुसतं बसण्याला तिथल्या कायद्यात तीन महिन्यांची शिक्षा होती, ती भोगून झाली होती. पंधरा दिवसांत देश सोडायचा, एवढं मात्र होतं. हातची नोकरी गेली. वकीलसाहेबांनी कागद आवरले आणि जाता जाता दुभाष्याला म्हणाले, ‘‘यांना सांग, तीस वर्षांत मी बरेच अशील सोडवलेत. सोडवून घेताना इतका कमी वाकलेला अशील पहिलाच.’’

ताईने व्हरांड्यातून आईला फोन लावला.

‘‘आई, सुटला!’’

 आईने विचारलं, ‘‘त्या कागदावर सही केली का गं शेवटी?’’

‘‘नाही केली. भर कोर्टात विचारलं, पुन्हा बसशील का? तर म्हणाला, हो.’’

‘‘हो म्हणाला?’’

‘‘हो म्हणाला.’’

‘‘मीच म्हटलं होतं ना तुला, सही कर म्हणावं,’’ आई म्हणाली आणि थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. ‘‘बरं झालं, ऐकलं नाही माझं. थांब जरा, शेजारच्या काकू आल्यात. आमची सगळी मंडळीही बसलीत इथे. मी फोन मधे ठेवते. परत सांग. जरा मोठ्याने सांग.’’

सभोवती माणसांची ये-जा होती, शिपाई पुकारे करत होते. ताईने घसा साफ केला आणि सगळा व्हरांडा वळून बघेल एवढ्या मोठ्या आवाजात भावाचं उत्तर पुन्हा सांगितलं.