अख्खं बिस्कीट

"थांबा अक्का, तुमच्यासाठी मोडून देते," असं म्हणत भावजयीने नव्या डब्यातली बिस्किटं एकेक करून मोडायला घेतली.

अक्का खुर्चीत नुसती बसून राहिली. बेकरीतला आज तिचा शेवटचा दिवस होता. उभं आयुष्य पॅकिंगच्या टेबलाशी गेलेलं, पाय असे भरून आले होते की विचारू नका. निरोप देताना मालकांनी 'त्याग', 'निःस्वार्थ' असले मोठमोठे शब्द वापरले आणि हा डबा तिच्या हातात ठेवला. बेकरीतली सगळ्यात भारी बिस्किटं. घरी येताना तिने एकच ठरवलं होतं, आज आपण एक अख्खं खायचं.

आईवडील गेले तेव्हा भाऊ एवढासा होता. बेकरीतून तुटकीफुटकी बिस्किटं घरी न्यायला मिळायची. त्यात एखादं चुकून अख्खं निघायचं, ते भावाचं. "तुला नको?" असं त्याने विचारलं की ही म्हणायची, "मला बाई तुटकीच आवडतात." कसला त्याग नि कसलं काय, पोराने निमूट खावं म्हणून मारलेली थाप होती ती. पण थाप अशी बेमालूम बसली की पुढे घरात काहीही चांगलं आलं तरी अक्काच्या वाट्याला मोडकंतोडकंच यायचं, आणि तेही मायेनं. आता बोल लावायचा तरी कुणाला?

"अगं, मला एक अख्खं दे," अक्का म्हणाली.

भावजयीचा हात थांबला. समोर बसलेला भाऊ हसला. "तुला तर तुटकी आवडतात ना?"

"कधीच नाही आवडली."

त्याचं हसू मावळलं. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू खाल्लं असतंस?"

डब्यातलं एक बिस्कीट काढून भावाने तिच्या हातात दिलं. तुकड्यांची ताटली आपल्याकडे ओढली आणि खाली मान घालून खायला लागला. केस पिकलेला बाप्या, पण डोळे भरून आले होते.

अक्काने सावकाश खाल्लं. चव तीच होती. तुकड्यांची असायची तीच, जराही वेगळी नाही. ज्याच्यासाठी इतकी वर्षं मन मारलं ते हेच होतं म्हणायचं. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं.

"कसं लागलं?" भावाने मान वर न करता विचारलं.

"वेगळंच लागतं रे," अक्का म्हणाली. "फार छान."