बिघाड माझ्यात नव्हता

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पडद्यावर तुम्हाला हलती चित्रं दिसतात ना, ती रंगवायचं काम माझ्यासारख्यांचं. सध्या मी सर्बियातल्या चाचाक गावी मिओद्राग नावाच्या दुकानदाराच्या फळीवर पडून आहे. माझ्या गोष्टीत गोडवा शोधू नका. माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मला दोन पंखे मिळाले आणि बांधणी आखूड मिळाली. तियानाने मला निवडलं ते त्या आखूडपणामुळेच. ती लग्नाच्या फिल्म तयार करायची आणि तिच्या संगणकाची पेटी होती लहानशी. मोठं कार्ड तिच्यात मावतच नव्हतं.

काय दिवस होते ते. तिकडच्या रिवाजाप्रमाणे नवरीच्या दारात उंच टांगलेल्या सफरचंदावर नवरदेव बंदुकीचा नेम धरायचा, बार उडायचा, पितळी वाद्यं वाजू लागायची आणि ते सगळं मी एकही झटका न देता पडद्यावर दाखवायचो. तियाना शेजारणीला सांगायची, "हे कार्ड म्हणजे माझा उजवा हात आहे गं. कधी कुरकुर म्हणून नाही." कौतुक कोणाला नको असतं? मी आणखी जोमाने राबायचो.

मग तियानाच्या सासूबाई, देसांकाबाई, कायमच्या राहायला आल्या. क्रोशाची सुई त्यांच्या हातातून कधी सुटायची नाही. त्यांनी टीव्हीवर रुमाल घातला, फ्रिजवर घातला, टेलिफोनवर घातला. एका सकाळी माझ्या पेटीची पाळी आली. दुहेरी विणीचा, खळ लावून कडक केलेला जाडजूड रुमाल आणि त्यावर फुलदाणी. पेटीच्या माथ्यावरच्या जाळीतून माझी गरम हवा बाहेर जायची. ती वाटच बंद झाली.

"आई, अहो तो संगणक आहे," तियाना म्हणाली.

"म्हणून काय उघडाबोडका ठेवायचा? चार माणसं येतात घरात. आणि ती खिडकी लाव आधी. पाठीला वारा लागला तर उद्या मान वळायची नाही तुझी."

तियानाने खिडकी लावली. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याच्या झोताला त्या गावातली माणसं तापापेक्षा जास्त घाबरतात. रुमालही तसाच राहिला. सासूबाईंचं मन मोडायचं नाही म्हणून ती मूग गिळून बसली. त्यांचं मन मोडलं नाही, पण उकडून कोण निघत होतं?

ऐन उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली. माझे पंखे जीव तोडून फिरायचे आणि रुमालाचे तुटके धागे आत ओढून घ्यायचे. शेवटी मिलेवाच्या लग्नाची फिल्म चालू असताना पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा. मिलेवा सोमवारी नवऱ्याबरोबर कायमची जर्मनीला निघणार होती आणि त्याआधी फिल्म देण्याचा शब्द तियानाने दिला होता. तिने मला उपटून पिशवीत टाकलं आणि मिओद्रागचं दुकान गाठलं.

दुकानात आधी कॉफी आली. त्याशिवाय तिथे कोणी कामाचं बोलत नाही.

"मला हेच कार्ड हवंय. अगदी हेच," तियाना म्हणाली.

"हे मॉडेल कधीच बंद झालं. कंपनी आता बनवत नाही."

"मग मी करू काय?"

"कमी ताकदीचं घे. पेटीत बसेल, पण तुझी फिल्म रडतखडत चालेल. नाहीतर हे मोठं घे. त्यासाठी पेटीचा पत्रा मात्र कापावा लागेल."

"कोणाचं वापरलेलं नाही का मिळणार?"

"मिळेल, पण त्यातला रस आधीच पिळून निघालेला असतो. माझं ऐक, त्या भानगडीत पडू नकोस."

तियानाने कप खाली ठेवला. "मोठंच दे. पत्रा काप. आणि हे टाक भंगारात."

भंगारात. मी समोरच होतो, मित्रांनो. मी का तापलो, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मॉडेल बंद झालं म्हणजे कार्डही मेलं, असं ठरवून दोघं मोकळे झाले. इतकी वर्षं मान मोडून केलेलं काम एका कॉफीत बुडालं.

ती गेल्यावर मिओद्रागने सहज मला उघडलं, पुसलं, जोडून पाहिलं आणि मी पहिल्यासारखा चालू लागलो. "याला काय दुलईत गुंडाळलं होतं की काय," तो पुटपुटला. मला वाटलं, आता तो तिला सांगेल आणि ती मला घरी नेईल. मला दुसरं काही नको होतं.

शनिवारी ती आली, रागाने लाल होऊन. "तुझं नवं कार्डही तासाभरात बंद पडलं. माझं जुनंच दे, असेल तसं."

मिओद्रागने मला तिच्यापुढे ठेवलं. "हे ठणठणीत आहे. यात बिघाड नव्हताच. पंख्यातून हे निघालं बघ." त्याच्या तळहातावर पांढऱ्या धाग्यांचा गोळा होता.

तियानाने त्यातला एक धागा ओढून पाहिला. "आईंचा क्रोशा आहे हा."

"तू संगणकाला पांघरूण घातलं होतंस?"

"मी नाही रे. पण त्यांना सांगायचं कसं?" मग तिने विचारलं, "रुमाल काढला तर नवं चालेल?"

"न चालायला काय झालं? आणि पत्राही कापून झालाय. आता हे परत लावून काय करतेस?"

"मग नवंच राहू दे," ती म्हणाली आणि माझ्यावरून एकदा बोट फिरवून निघून गेली.

मिलेवाची फिल्म रविवारी तिच्या हातात पडली. रुमाल काढला म्हणून देसांकाबाईंनी सुनेशी अबोला धरला, तो चार दिवसांत सुटलाही. सगळ्यांचं ठीक झालं. मी निर्दोष आहे हे सिद्ध झालं आणि त्याच घटकेला माझी गरज संपली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र तापलं, अडखळलं, तर लगेच नवं आणायला धावू नका. आधी त्याच्या अंगावर काय घातलंय ते उचलून बघा. आणि घरातल्या माणसाला जे सांगायचं ते वेळेवर सांगा. तियाना एका रुमालाबद्दल वेळेवर ठामपणे बोलली नाही. तिची भीड तिच्यापाशी राहिली आणि घर माझं गेलं.