ते 'बरं' कुणाला म्हणाले

बाई कामाला पक्की होती. माणसं बोलताना काय काय घाण करून ठेवतात, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. खोकले, उसासे, जिभेची चटचट, वाक्यावाक्याला 'म्हणजे काय की'. आपल्या छोट्याशा रेकॉर्डिंग स्टुडिओत बसून ती हे सगळं कापायची आणि पुढाऱ्यापासून दंतमंजनाच्या जाहिरातवाल्यापर्यंत सगळ्यांना शहाणं करून सोडायची. वडील तिला कात्रीबाई म्हणत. वडील म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, देवावर जीव टाकणारे. लेक मात्र देवाधर्माच्या वाटेला जात नसे, आणि त्यावरून बापलेकीचं अधूनमधून चांगलंच वाजायचं.

आईची दृष्टी गेली तेव्हा मास्तरांनी ठरवलं, अख्खं बायबल वाचून रेकॉर्ड करायचं. आधी तिच्यासाठी, मग चर्चच्या मंडळीतल्या सगळ्या अंधांसाठी. रोज दुपारी ते स्टुडिओत यायचे. लेक मशीन चालू करून आपल्या कामाला निघून जायची आणि मास्तर आतल्या बंद खोलीत एकटेच वाचत बसायचे. त्यातली स्तोत्रं त्यांनी अगदी शेवटी ठेवली होती, का ते त्यांनाच माहीत.

एकदा ते वाचून बाहेर आले ते फुशारलेलेच. म्हणाले, "कात्रीबाई, या पुस्तकावर माझा भरवसा का आहे, सांगू? यावर तुझ्यासारखीचा हात फिरलेला नाही. ज्यांनी हे पुढं सांगितलं त्यांची स्वतःची फजिती यात जशीच्या तशी आहे. गुरूला धरून नेलं तेव्हा सगळे चेले पळाले. सगळ्यांत मोठा चेला म्हणाला, मी त्या माणसाला ओळखतही नाही. थापा मारणारा आपलीच अब्रू अशी वेशीवर टांगेल का?"

"कापायचं राहून गेलं असेल, बाबा."

"तू असतीस तर राहिलं असतं का?" मास्तरांनी विचारलं.

स्तोत्रं संपत आली आणि मास्तरांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी वाचा गेली. आईनं त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "देव जवळ आहे ना हो?" मास्तरांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. आईला ते दिसलं नाही, पण हात सुटलेला कळला. लेकीनं मात्र दोन्ही पाहिलं. त्याच पहाटे ते गेले.

त्या दिवसापासून आईची प्रार्थना बंद झाली. उभा जन्म सकाळ-संध्याकाळ देवाशी बोलणारी बाई, आता अंथरुणात नुसती बसून राहायची. लेकीनं एकदा विचारलंच. आई म्हणाली, "मी ह्यांच्या भरवशावर बोलत होते गं. ह्यांनीच हात सोडला, तर आता मी कुणाशी बोलू?" मग म्हणाली, "शेवटचं वाचलेलं मला ऐकव. आवाजावरून मला कळेल, ह्यांचा विश्वास होता की गेला होता." ते शेवटचं वाचन लेकीनं स्वतःसुद्धा अजून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते लावलं. स्तोत्र अशा माणसाचं होतं जो देवाला विचारतो, तू तोंड का लपवून बसलास. मास्तर अर्ध्यावर थांबले. खुर्ची करकरली. मग त्यांचा आवाज आला, पुस्तकातला नव्हे, घरातला.

"तू नाहीसच, असं वाटायला लागलंय मला. एवढं बोललो जन्मभर. तू एकदा तरी..."

पुढे काही नाही. नुसती शांतता, लांबलचक. आणि त्या शांततेच्या शेवटी, हळू आवाजात, "बरं." लगेच मास्तरांनी सुटलेली ओळ उचलली आणि स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं, आवाज जराही न हलता.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. 'बरं' माणूस असंच कसं म्हणेल? समोरच्यानं काहीतरी सांगितल्यावर म्हणतात ते. तिनं आवाज जाईल तेवढा वर नेला आणि ती शांतता पुन्हा पुन्हा ऐकली. मास्तरांचा श्वास होता. दुसरं काही नव्हतं. खोलीत त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं, किल्ली तिच्याच कमरेला होती.

मग मात्र त्या 'बरं'नं तिचा पिच्छाच पुरवला. नळ बंद करताना ऐकू यायचं, जिना उतरताना ऐकू यायचं. आतल्या रिकाम्या खोलीत जायच्या आधी ती दारावर टकटक करायला लागली, आणि मग स्वतःवरच चिडायची. मेलेल्या बापाची भीती वाटावी? पण खरं सांगायचं तर भीती बापाची नव्हतीच.

शेवटी मूळ रेकॉर्डिंग बाजूला ठेवून तिनं एका प्रतीवर कात्री चालवली. 'तू नाहीसच'पासून 'बरं'पर्यंत सगळं उडवलं. आईच्या कानावर हे गेलं असतं तर ती कायमची खचली असती, एवढं लेकीला कळत होतं. आता या कामात एक गोम असते. कापलेल्या जागी काहीच ठेवलं नाही तर कानाला खड्डा लागतो, म्हणून तिथे त्याच खोलीची शांतता रेकॉर्ड करून लावावी लागते. प्रत्येक खोलीची शांतता आपली आपली असते. तिनं खोली रिकामी ठेवून मशीन चालवलं, थोडीशी शांतता घेतली आणि ठिगळ लावलं. हे ठिगळ दुसऱ्या कुणा रेकॉर्डिंगवाल्यालाही सापडलं नसतं.

आई आली, आतल्या खोलीत मास्तरांच्याच खुर्चीवर बसली. लेक शेजारी उभी राहिली. स्तोत्र सुरू झालं. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडं तेज आलं. आणि मध्येच तिनं हात वर केला.

"हे इथे उठून गेले होते का गं?"

"कुठे?"

"आत्ता. खोली आहे, पण हे नाहीत. गप्प बसलेला माणूस आणि नसलेला माणूस मला कळत नाही होय? काय कापलंस?"

लेकीनं आधी उडवाउडवी केली. पण जिनं लहानपणी खोटं बोलल्यावर कान उपटले तिच्यापुढे किती टिकणार? तिनं डोळे मिटून मूळ रेकॉर्डिंग लावलं.

आईनं 'तू नाहीसच' ऐकलं. तिची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. शांतता ऐकली. 'बरं' ऐकलं.

"परत लाव."

परत लावलं. आणखी एकदा लावलं. आई रडत होती, आणि त्यातच हसू फुटत होतं, म्हणून लेक जास्तच घाबरली.

"हे 'बरं' माझ्या ओळखीचं आहे," आई म्हणाली. "कंटाळल्यावरचं निराळं, टाळायचं असेल तेव्हाचं निराळं. हे हरल्यावरचं. तावातावानं भांडायचे, आणि माझं म्हणणं पटलं की मान खाली घालून असंच म्हणायचे. माझ्याशिवाय कुणापुढे म्हणाले नाहीत कधी. आणि त्या दिवशी मी तर इथे नव्हते."

"आई, स्वतःशीच म्हणाले असतील."

"असतील. पण स्वतःशी ते कधी हरलेले मी पाहिले नाहीत."

"मग शेवटी हात सोडवून तोंड का फिरवलं?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "आजवर वाटायचं ह्यांना सगळं माहीत आहे, म्हणून मी निवांत होते. ह्यांचीही देवाशी मारामारीच चालली होती की. ते जोडून टाक पुन्हा, होतं तसं."

"चर्चचे पाळकसाहेब म्हणतील, हे लोकांना कसं ऐकवायचं?"

"त्यांना म्हणावं, स्तोत्र लिहिणाऱ्यानं देवाला तोंडावर सुनावलंय, ते आधी पुस्तकातून काढा. मग माझ्या नवऱ्याचं काढू." तिनं डोळे पुसले. "आता तू बाहेर हो. दार लाव. मला बोलायचंय."

लेक बाहेर येऊन आपल्या जागेवर बसली. मधल्या काचेतून आई दिसत होती. ओठ भराभर हलत होते, एक बोट हवेत नाचत होतं, कुणाला तरी चांगलंच फैलावर घेतल्यासारखं. आतला माइक चालूच होता. समोरचं बटण जरा वर सरकवलं असतं तर शब्द न् शब्द ऐकू आला असता. तिचा हात बटणापर्यंत गेला. मग तिनं तो मागे घेतला आणि काचेकडे पाठ करून बसली. दोघं बोलत असताना मध्ये कान द्यायचा नसतो, हे तिला लहानपणी आईनंच शिकवलं होतं.