वडनेरच्या भांडणात जगलेली भाषा

अर्जुनराव आणि सोजराबाई यांचे लग्न झाले ते साल १९७१. त्याच वर्षी माझी त्यांच्याशी गाठ पडली. मित्रांनो, मी एक जुनी भाषा आहे. आफ्रिकेतल्या एका तळ्याकाठी, मासे धरणाऱ्यांच्या तोंडी मी वाढले. मला कोणी कधी लिहिले नाही.

अर्जुनराव खामगावच्या जिनिंगमधले फिटर. तळ्याजवळच्या कापूस कारखान्यात यंत्रे बसवायला ते गेले आणि बायकोसह नऊ वर्षे राहिले. मजुरांनी त्यांना माझे बोल शिकवले, शेजारणींनी सोजराबाईंना. तेव्हा मी होड्यांना हाका मारायची, बाळे निजवायची. मग तिथली मुले शाळेत मोठ्या शहराची भाषा शिकली आणि माझ्यात बोलायला लाजू लागली.

मी मात्र या जोडप्याबरोबर वडनेर भोलजीला आले. इथे मला एकच काम उरले. सून छाया हिच्यासमोर तिचीच उणीदुणी काढायची! "भाकर हाय का पायातला जोडा?" असे अर्जुनराव माझ्यात म्हणत. सोजराबाई पदराआड हसत. काम हलके होते, पण रोजचे होते. मी टवटवीत राहिले.

२०२३ च्या दिवाळीनंतर पुण्याहून भार्गवी नावाची अभ्यासक आली. तळ्याकाठी तिला माझ्यात बोलणारे कोणीच सापडले नव्हते; कारखान्याच्या जुन्या नोंदींतून या जोडप्याचा पत्ता लागला होता.

"आजी, आता तुम्ही दोघेच. बोला ना," म्हणत तिने रेकॉर्डर पुढे ठेवला. दोघे फोटो काढायला बसल्यासारखे ताठ!

"काय बोलू बाई? भांडाले काही कारण लागते ना!" अर्जुनराव म्हणाले.

संध्याकाळी तिची परतीची गाडी होती. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात छाया उठली. तिने पिठल्यात मूठभर मीठ टाकले आणि ताटे वाढली. पहिल्या घासाला सोजराबाई पेटल्या, दुसऱ्याला अर्जुनराव. दोन तास मी धो धो वाहिले. पिठल्यावरून होड्यांवर, माशांवर, जुन्या शेजारणींवर आणि शेवटी अंगाईवर पोचले.

"काऊन वं, एवढं मीठ?" सोजराबाईंनी मग सुनेला मराठीत विचारले.

"मुद्दाम टाकलं, आत्याबाई. अन् मामाजी भाकरीले जोडा म्हणतात, ते बी मले वीस वर्षांपासून समजते."

अर्जुनरावांना ठसका लागला. "हे तं आपल्या वरताण निघाली!"

मित्रांनो, भाषेला कपाटात जपू नका. रुसायला, चिडवायला, मीठ मागायला तिला वापरा. तेवढ्याने ती जगते. आता छाया चुकत चुकत माझ्यात सासूशी भांडते, कारण भांडायला दुसरे माणूस लागते. अर्जुनराव तूर काढणीच्या दिवसांत, १७ जानेवारी २०२४ रोजी वारले.