आता कुणी ओरडत नाही

मेरेरिदला चष्म्याविना लख्ख दिसायला लागलं आणि थोड्याच दिवसांत तिचा माणसांवरचा विश्वास उडाला.

आधी गावावरचा. ती पॉन्टवेरिनमध्ये घरोघर टपाल टाकायची. इतकी वर्षं पावसाने चष्मा असा भिजायचा की दारावरची टपालाची फट सापडली तरी पुष्कळ झालं. आता तिला दिसलं की मिसेस प्रॉसर घरात नसते असं नाही, पडद्याआड श्वास रोखून उभी असते. खाटकाचा कुत्रा चुकून सुटत नाही, सोडला जातो. बरं, हे एक वेळ चालेल, गाव म्हटलं की एवढं असायचंच. पण रग्बीच्या मैदानावर जे दिसायला लागलं त्याने तिला अन्न गोड लागेना.

गावातल्या बायकांच्या संघात ती सात नंबर खेळायची. सात नंबरचं काम सांगायला सोपं आहे: चेंडू घेऊन जी येईल तिला आडवं करायचं. मेरेरिद ते असं करायची की समोरच्या बायका बसमधून उतरतानाच विचारायच्या, "ती येडी आज आहे का गं?" तिच्या धाडसाचं सगळ्यांना कौतुक आणि तिला स्वतःला सर्वांत जास्त. खेळताना लेन्स घालते असं ती सांगायची. खरं तर डोळ्यात बोट घालायच्या नुसत्या कल्पनेनेच तिला मळमळायचं. लेन्सची डबी बॅगेत असायची आणि लेन्स डबीत. मैदानावर तिला माणसं दिसतच नसत, नुसते रंग दिसत. एकदा तिने रेषेवर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या पंचालाच उताणं पाडलं होतं. त्यावर गाव वर्षभर हसलं आणि तीही हसली.

शेवटी उन्हाळ्यात, सामने नसताना, तिने लेझर करून घेतलं. डॉक्टरबाईंनी आधी खेळाचं विचारलं आणि रग्बी म्हटल्यावर भुवया उंचावल्या. "मग डोळ्यावरचा पापुद्रा उचलायची पद्धत तुम्हाला नको. कुणाचं कोपर लागलं तर तो सरकायची भीती. वरूनच करू. दुखेल जास्त, वेळही लागेल, पण एकदा बरं झालं की खुशाल मारामाऱ्या करा." दुखलं म्हणजे काय, डोळ्यांत कुणी वाळू टाकून वर कांदा चिरतंय असं दुखलं. नवऱ्याने, गार्मोनने, पडदे ओढून ठेवले, वेळच्या वेळी थेंब घातले आणि कॉउलचं, म्हणजे मटण आणि भाज्यांचं, गरम सूप चमच्याने भरवलं. तो थेंब घालताना एवढा गप्प का असतो, असा संशय तिला तेव्हाच आला होता, पण तो बिचारा थेंब मोजत असायचा.

पानं गळायला लागली तेव्हा डॉक्टरबाईंनी खेळायला परवानगी दिली. मेरेरिद मैदानावर गेली, चेंडू हवेत उडाला आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याशी कुणी बोलत नाहीये.

म्हणजे "कशी आहेस गं", "डोळे काय सुंदर दिसतात" वगैरे झालं. पण खेळ सुरू झाला की शुकशुकाट. पूर्वी तिच्या नावाचा नुसता गजर चालायचा. "मेरी, डावीकडे! मेरी, खाली, खाली! मेरी, मागून येतेय!" त्यातही कर्णधार नेरिसचा आवाज सगळ्यांच्या वर. नेरिसच्या मेंढ्या होत्या आणि समोरच्या डोंगरावरच्या कुत्र्याला अंगणातून हाक मारून तिने तो गळा कमावला होता. मेरेरिदला वाटायचं, बाईला हुकूम सोडायची सवयच आहे. आता तोच गळा कादीच्या नावाने गाजत होता. कादी म्हणजे नवी पोरगी, जेमतेम विशीची, पाय हरणाचे. आणि ती खेळायची कुठे? सात नंबरला.

मेरेरिदच्या मनात पाल चुकचुकली. मग ती डोळ्यांत तेल घालून बघायला लागली, आणि आता बघायला डोळेही होते. प्रशिक्षक एल्विन तिच्याकडे बघून मान हलवतो. कादी सारखी तिच्या पायांकडे बघते. ती जवळ गेली की घोळक्यातलं हसू विझतं. पूर्वीही हे असंच चालत असेल का? पाठीमागे नाही, चक्क तोंडासमोर, कारण हिला कुठे दिसतंय? या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती गार्मोनला म्हणाली.

"अगं, शनिवारी शेजारच्या कुमदारी गावाशी सामना आहे. सगळे त्या तणावात असतील."

"तू त्यांच्या बाजूने का बोलतोस? नेरिसने फोन केला होता का तुला?"

"मला?" गार्मोनने भाजलेला पाव तसाच हातात धरला. "मला ती गेल्या नाताळात शेवटचं बोलली. गाडी आडवी लावली म्हणून शिव्या दिल्या होत्या."

"म्हणजे बोलणं आहे तुमचं."

गार्मोनने पाव तोंडात कोंबला. त्यातच शहाणपण होतं.

तिने मग डोळ्यांवरच संशय घेतला. एक डोळा झाकून लोकांच्या फाटकांवरचे आकडे वाचले, दुसरा झाकून वाचले, तरी समाधान होईना. शेवटी डॉक्टरबाईंकडे जाऊन बसली. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगले आहेत. अदलाबदल करायची का?" मेरेरिदला हसू आलं नाही. डोळे चांगले, अंगात ताकद तीच, मग सरावात तिच्या हातून बायका सुटत का होत्या? एक निसटली, मग दुसरी. कादीच्या हातून एकही सुटत नव्हती.

संघ गुरुवारी जाहीर व्हायचा. बुधवारच्या सरावात तिने ते पाहिलं. मैदानाच्या पार पलीकडे नेरिस एल्विनला काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिने मेरेरिदकडे बोट केलं, मग दोन्ही डोळे गच्च मिटले आणि हात पुढे करून चाचपडली. एल्विन हसला.

आंधळीची नक्कल! मेरेरिदच्या डोळ्यांत पाणी आलं. बरे झालेले डोळे पहिल्यांदा रडले ते असे. सराव संपून बाकीच्या गेल्यावर ती क्लबाच्या मोरीत बूट धूत असलेल्या नेरिसपुढे जाऊन उभी राहिली.

"तोंडावर सांग ना. कादीला घेताय, एवढंच ना?"

नेरिसने नळ बंद केला. "ठरलं नाही अजून. पण विचार चाललाय, हो."

"आणि माझी नक्कल केलीस. मला दिसलं, नेरिस. दिसतं मला आता!"

"दिसतं ना? मग तेच तर मी त्याला सांगत होते." नेरिसने ओल्या हातांनीच कपाळ पुसलं. "समोरची अंगावर आली की तू डोळे मिटतेस, बाई. गच्च. आणि मग हवेत चाचपडतेस."

"मी? मी कधी डोळे मिटले?"

"पूर्वी कधीच नाही. पूर्वी तुला येणारी बाई दिसायचीच कुठे? लाल डाग दिसायचा. डागाला कोण भितं? आता तिचे गुडघे दिसतात, दात दिसतात."

"मी लेन्स घालायचे."

"पंचाला पाडलंस तेव्हा घातल्या होत्यास?" नेरिसला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "अगं, त्या दिवशीच आम्ही सगळ्यांनी ठरवलं. ही बया कबूल करणार नाही, चष्मा लावून खेळता येणार नाही, तर आपणच हिचे डोळे होऊ. तुला काय वाटलं, मला ओरडायची हौस होती? सामना झाला की दोन दिवस घसा बसायचा. कुत्री माझं ऐकेनाशी झाली."

"मग आता का गप्प आहात सगळ्या?"

"तुला दिसतंय म्हणून! डॉक्टरनेच सांगितलं ना? आता कानाशी ओरडलो तर तुलाच अपमान वाटेल, असं वाटलं आम्हाला."

मेरेरिद बाकावर बसली. इतके दिवस तिने एकेकीचं तोंड वाचलं होतं आणि सगळ्यांचं चुकीचं वाचलं होतं. तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त वाटली ती भीती. मैत्रिणींनी दगा दिला असता तर भांडता आलं असतं. आपणच भित्र्या निघालो तर कुणाशी भांडायचं?

"चल बाहेर," ती एकदम उठून म्हणाली. "चेंडू घे. ये माझ्या अंगावर."

"दिवे बंद करायचेत, मेरी."

"ये म्हणते ना. आणि हळू येऊ नकोस, मला कळेल."

दोघी पुन्हा चिखलात उतरल्या. नेरिस चेंडू छातीशी धरून धावत आली. मेरेरिदला तिचे मांडीएवढे दंड दिसले, तोंडातलं रबरी कवच दिसलं, गुडघा वर येताना दिसला, आणि मग काहीच दिसलं नाही. नेरिस तिच्या बाजूने सरळ निघून गेली.

"मिटलेस," मागून आवाज आला.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिने खांदा लावला, पण तो नेरिसच्या कोपराला, आणि ती स्वतःच तोंडावर आपटली. उठून चिखल थुंकताना तिला वाटलं, द्यावी जर्सी कादीला आणि टपाल टाकत बसावं. पोरगी चांगली आहे, शिवाय आपल्या पायांकडे बघते ती शिकायला बघते, हेही आता तिला कळत होतं. पण पाय मागे जाईनात.

"पुन्हा ये."

नेरिस पुन्हा धावली. मेरेरिदने दात आवळले आणि पापण्यांना शपथ घातली. दंड आले, कवच आलं, गुडघा आला, नाकावरचे वांग आले, इतके जवळ की मोजता यावेत. खांदा मांडीत रुतला, हात मागे जाऊन घट्ट बसले आणि डोंगरावरून धोंडा सुटावा तशी नेरिस चिखलात पडली, तिच्यावर मेरेरिद. दोघींचा श्वास गेला होता.

श्वास परत आल्यावर मेरेरिद खदखदा हसायला लागली.

"काय झालं?" नेरिस खालून म्हणाली.

"तू मिटतेस! नेरिस, तूच डोळे मिटतेस! टक्कर व्हायच्या आधी, लहान पोरीसारखे, गच्च!"

नेरिसचे कान लाल झाले.

"इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं ते," ती म्हणाली. "बघायला स्वतःचे उघडे ठेवावे लागतात ना." मग तिने मेरेरिदला अंगावरून ढकललं, उठून उभी राहिली आणि चिखलाचा हात पुढे केला. "ऊठ, सात नंबर. एल्विनला मी सांगते. पण काय पाहिलंस ते सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस."