एका लोट्याचा करार

"फिज्जाकाकी, काका अजून हातच धुताहेत!" मुनीरा थाळापाशी बसल्या बसल्या ओरडली. "सोदन्नूच्या गोड भातावरचं तूप थिजलं ना!"

तूप थिजलं तर थिजू दे म्हणावं! माझे कान मोरीतल्या नळाकडे लागले होते. नळ बंद झाला की माझा जीव भांड्यात पडे, पुन्हा सुरू झाला की टांगणीला लागे.

मुनीरा माझ्या दिराची, कुरेशभाईंची मुलगी. नुकतंच लग्न झालं तिचं, आणि उद्या नवऱ्याबरोबर मोम्बासाला चालली. जाण्याआधी पोरीनं एकच मागितलं, तेही माझ्याकडे नाही, थेट माझ्या नवऱ्याकडे.

"काका, बावा असते तर मला शेजारी घेऊन जेवले असते. त्यांच्या जागी तुम्ही बसा. एकदाच. पुन्हा काही नाही मागणार."

आणि हा माणूस हो म्हणाला! मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

दाहोदच्या आमच्या मोहल्ल्यातून करोना कधीचा गेला. सॅनिटायझरच्या बाटल्यांत लोक आता खोबरेल भरतात. जमातखान्यात पुन्हा एकेका थाळाभोवती आठ-आठ जण मांडीला मांडी लावून बसतात, आणि शेजाऱ्याचं बोट आपल्या भाताला लागलं तर कुणी बघतसुद्धा नाही. आमच्याच घरातून तो मेला जायला तयार नाही. आमचे हे, अब्देअली, खिडकीपाशी स्टुलावर बसतात, स्टीलच्या ताटलीत एकटे जेवतात, ताटली स्वतः घासतात. बोहऱ्याच्या घरात वेगळी ताटली! माझ्या सासूनं ती कधीच भंगारवाल्याला दिली असती.

दुसऱ्या लाटेत आम्ही सगळे शेवटचे एका थाळावर बसलो, तेव्हा ह्यांना खोकला होता. "दुकानातली धूळ गेली घशात," म्हणाले आणि बसले भावाला खेटून. मग घरातले सगळेच आजारी पडलो. सगळे बरे झालो, कुरेशभाई तेवढे इस्पितळातून परतले नाहीत. डॉक्टर म्हणाला, कुणाकडून आला ते कोण सांगणार, दूधवाल्याकडूनही आला असेल. माझी जाऊ, जिचा नवरा गेला, ती म्हणाली, "भाईजान, अल्लाची मर्जी." मीही बोलून बोलून थकले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून हा माणूस हात धुतो. हातांना भेगा पडल्यात. रोज तूप चोळते मी, आणि हे ते तूपसुद्धा साबणानं धुऊन टाकतात.

शेवटी नळ थांबला. अब्देअली आले. जरीची टोपी घातलेली, ओले हात अंगापासून लांब धरलेले. मुनीराशेजारी बसले. पोरीचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तिच्या नवऱ्यानं, हुजेफानं, झाकण उचललं.

"काका, आधी तुम्ही," म्हणत मुनीरानं मिठाची वाटी पुढे केली.

ह्यांनी बिस्मिल्ला म्हणून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. हुजेफा बिचारा उगाचच विमानाच्या वेळा सांगू लागला, म्हणजे कुणी ह्यांच्याकडे टक लावून बघायला नको. मुनीरानं जास्त तुपाचा भात बोटांनी हळूच ह्यांच्या बाजूला लोटला. ह्यांची बोटं पुढे सरकली. भातात रुतली. किती दिवसांनी, या अल्ला!

आणि ह्यांना ठसका लागला.

मिठाचा कण घशाला लागला की कुणालाही लागतो, तेवढाच. पण तापल्या तव्यावरून काढावा तसा हात मागे घेतला त्यांनी.

"कुणी खाऊ नका," म्हणाले.

"अहो, मीठ लागलं घशाला," मी म्हटलं. "एवढं काय?"

"तेव्हाही मी असंच काहीतरी म्हटलं होतं, फिज्जा."

ते उठले. मुनीरानं त्यांच्या कुडत्याचं टोक धरलं, ते त्यांनी हलकेच सोडवलं. मग तिनं काय करावं? भातात जिथे ह्यांची बोटं रुतली होती, नेमका तिथलाच घास उचलला आणि तोंडात घातला.

"बघा काका! खाल्ला मी. बघा ना!"

ते मोरीत पोहोचले होते. नळाच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार?

मी हात धुवायची चिलमची आणि तांब्याचा लोटा घेऊन त्यांच्यामागे गेले. एरवी जेवणाआधी घरातलं धाकटं माणूस सगळ्यांच्या हातांवर पाणी घालतं. आज मी घालायचं ठरवलं. नळ बंद केला.

"इकडे करा हात. नळ काही संपत नाही. हा लोटा संपतो. संपला की थाळावर यायचं. कबूल?"

"कबूल," ते म्हणाले.

मी अगदी बारीक धार धरली. भेगांना झोंबत असणार, पण हात मागे घेतले नाहीत. बोटं, तळवे, मनगटं, पुन्हा बोटं. मनात म्हटलं, अल्ला, एवढ्या पाण्यात भागू दे. लोटा रिकामा झाला. मी तो उलटा करून दाखवला.

"संपलं. चला, पोर थांबलीय."

त्यांनी हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कबूल केलेलं त्यांच्या लक्षात होतं, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"फिज्जा," ते म्हणाले, "आणखी एकच."

बाहेर थाळाभोवती सगळे तसेच बसले होते, मुनीराशेजारची जागा सोडून. मी नळ उघडला आणि लोटा त्याखाली धरला.